हिंगाच्या डबीतला अर्धा पाय

३ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

विसरलीस ना मला? विसरणारच! वही ती वही, मिटली की डोकं रिकामं. जुलैत निशांत पुण्याला कॉलेजला गेला आणि तुला कपाटावर टाकून गेला. चार महिन्यांत माझं नावसुद्धा तुझ्या ध्यानात नसेल. पहिल्या पानावर बघ, तिथे आहे. मला वाचता येत नाही, पण कुठे आहे ते ठाऊक आहे.

नातवाच्या जागी आता त्याचा बाप लिहितोय. माझा सुधीर. महाप्याला कंपनीत केमिस्ट. सहाला घरी येतो, चहा पितो, आणि मी बोलते ते लिहितो. निशांत मधेमधे म्हणायचा, ‘आजी, सावकाश की!’ हा काहीच म्हणत नाही. माझं लिहितो की स्वतःच्या मनाचं, देव जाणे. — हेही लिही रे!

तर ऐक. डोळ्यांच्या डॉक्टरने मला मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. मोतीबिंदू. जानेवारीत ऑपरेशन. घरातल्यांना वाटतं, म्हातारी दुपारी झोपते. सून सुचित्रा बालवाडीत, हा कंपनीत — कोण बघतंय? मी रोज दुपारी मशीनवर बसते. (सुधीरने मान वर केली. आत्ता कळलं त्याला!) उशीच्या अभ्र्याला गोट लावायला डोळे लागतात कशाला? गोट बोटांनी लावायचा असतो. उरेब, म्हणजे तिरकी पट्टी कापायची, तिच्या पोटात दोरी घालायची, आणि दोरीला अगदी चिकटून टीप मारायची. दोरी बोटाला कळते. डोळ्याला काय कळणार?

गावठाणातल्या शेवंताबाईंचं नवीन घर झालंय. वास्तुशांत एकोणतीसला. त्यांच्या सोफ्याला आठ अभ्रे हवेत, गोट लावलेले. आज तिसरा घ्यायला बसले, तर अर्धा पाय नाही!

अर्धा पाय म्हणजे मशीनचा, माझा नव्हे. कापड दाबून धरतो तो लोखंडी पाय. पुरा असला की दोरीवर चढतो नि टीप सुटते. म्हणून ह्यांनी परळला असताना कानशीने घासून त्याची एक बाजू काढून टाकली होती. मिलमध्ये फिटर होते. तसा पाय दुकानात मिळत नाही. मिळतो तो मऊ, दोन महिन्यांत वाकतो. माझा हिंगाच्या रिकाम्या डबीत असतो, छत्तीस वर्षं.

आज डबी होती. आत पाय नव्हता.

४ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी डबी उघडली — पाय आत! आपल्या जागी, शहाण्यासारखा.

सुचित्रा म्हणाली, ‘आई, काल नीट चाचपलं नसेल तुम्ही.’ मी? चाचपलं नसेल? मी अंधारात सुई ओवते!

आणि वास. हिंगाच्या डबीत छत्तीस वर्षं पडलेल्या वस्तूला कसला वास यावा? पायाला नव्या रबरी चपलेचा वास येत होता.

असो. दोरी संपलीय. रविवारी बाजारातून आणीन, तोवर मशीन बंद. सगळ्यांना चहाच्या वेळी सांगून टाकलं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुपारी शेवंताबाई स्वतःच दोरीची गुंडी घेऊन आल्या. ‘बाय, तुला बाजारान जावाला नको. घे.’ माणूस चांगलं. दोरी चांगली. मी मशीनवरचं कापड काढलं, डबी उघडली — नाही!

आता मला सांग वही, काय समजायचं? गेल्या सोमवारी याच शेवंताबाई पाय हातात धरून म्हणाल्या होत्या, ‘मना असा एक पाय होवा.’ दुसऱ्या दिवशी पाय गायब. आज त्या समोर बसलेल्या, आज पुन्हा गायब. मी म्हटलं, ‘शेवंताबाई, पाय आवडला होता ना तुम्हाला?’ एवढंच म्हटलं. साधं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘मना चोर बोलतेस? तुजा पाय मी काय भाजून खाऊ?’

मी म्हटलं, चोर कोण म्हणालं? तुम्हीच म्हणताय.

गेल्या. जिना उतरतानासुद्धा बोलत होत्या. दोरी मात्र ठेवून गेल्या. चोर असतं तर दोरी नेली असती. — की मुद्दाम ठेवली, मी असं म्हणावं म्हणून?

संध्याकाळी पाय डबीत. मग मी शेवंताबाईंबद्दल आणखी काही बोलणार नाही. घराच्या बाहेरचा चोर सहाच्या आत वस्तू परत आणून ठेवत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर डबीवर हात ठेवून बसले. पाय हलला नाही. रविवारी चोर सुट्टीवर!

रविवारी सुट्टी कोणाला? सुचित्राला. मी काही म्हणत नाही, फक्त मोजते. सुचित्राला मशीनचा आवाज डोक्यात जातो. सुचित्राला मशीनच्या जागी टीव्हीचं टेबल हवंय. मे महिन्यात म्हणाली होती, ‘आई, हल्ली हे अभ्रे-बिभ्रे वाशीला तयार मिळतात.’ मिळतात! त्यांचा गोट एका धुण्यात आक्रसतो नि उशी आंबट तोंड केल्यासारखी दिसते. दोरी आधी भिजवून वाळवलेली नसते ना.

लिही रे. तोंड वाकडं करू नकोस. बायको तुझी असेल, पाय माझा आहे.

१० नोव्हेंबर, मंगळवार

काल मी खोटं बोलले. चहाच्या वेळी मोठ्याने सांगितलं — उद्या सकाळपासून मी मंडळाच्या भजनाला, सहापर्यंत येणार नाही. आणि झोपण्याआधी डबीच्या तळाला चिमूटभर हळद टाकली. बारीक. पाय उचलला की बोटं पिवळी!

सकाळी मी नुसती मोरीत जाऊन आले, तेवढ्यात पाय गेला. गेला! मग मी एकेकाचे हात बघायला निघाले. डोळे अंधूक असले तरी पिवळा रंग कळतो.

सुचित्राची बोटं पिवळी! धरलीच असती, पण ती कांदेपोहे परतत होती. सुधीरची बोटं पिवळी! तो पोहे खात होता. खाली वॉचमन बंडू — त्यालाही सुचित्राने बशी दिलेली, त्याचीही पिवळी! शेवटी माझीच बघितली. माझीही पिवळी. डबी मीच तर भरली होती.

हसतोस काय? लिही. तू हसलास तेही लिही.

पण एक कळलं. भजनाचं मी फक्त घरात सांगितलं होतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुसरीच चोरी सापडली.

शेवंताबाईंची नात मनस्वी आली होती, आठवीत आहे. आजीचं माझ्याशी भांडण, तिचं नाही. तिला म्हटलं, जरा वाचून दाखव ही वही. तिने सगळं वाचलं. ‘आजी, माझ्या आजीला चोर लिवलाय तुमी!’ म्हटलं, पुढे वाच, मग चोर नाही असंही लिहिलंय. सहा तारीख वाचली, संपली म्हणाली.

संपली? कशी संपली? सहा तारखेला शेवटी मी एक वाक्य बोलले होते. मला शब्द न् शब्द आठवतो. मी हात जोडून बोलले होते, देव्हाऱ्याकडे तोंड करून. ते वहीत नाही!

संध्याकाळी सुधीरला विचारलं. म्हणाला, ‘राहिलं असेल, आई.’

राहिलं! डाळीतलं मीठ राहतं. देवासमोर बोललेलं राहतं का? बायकोला लागेल म्हणून गाळलंस. मी आंधळी होतेय, बहिरी नाही, आणि खुळी तर मुळीच नाही. आता माझ्यासमोर लिही. मी बोलते तसं —

ज्याने माझा पाय नेला त्याचे हात

लिहिलंस? पूर्ण? वाचून दाखव.

वाचलं त्याने. शेवटच्या शब्दासकट. बरोबर.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस पाय जागचा हलला नाही. बघितलंस? देवाला सांगितलेलं पोचतं. अभ्रे सहा झाले. राहिले दोन.

पण सुधीरच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी आहे. ‘कंपनीत काच लागली.’ अक्षर वाकडं येतंय म्हणाला. मला काय फरक पडतो!

मी पट्टी सोडून हळद लावायला गेले. ‘राहू दे, आई, राहू दे.’ मी सोडवलीच. काच कापते. चीर पडते. हे भोक होतं, गोल. नखातून आत आणि खालून बाहेर.

असं भोक माझ्या बोटाला दोनदा पडलंय.

आज जास्त काही लिहायचं नाही.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज डोळे दाखवायला वाशीला गेले. सुचित्राला सुट्टी मिळेना. खाली रिक्षा उभी. आत शेवंताबाईंचा नातू रूपेश. ‘बसा, आजी. आमच्या आजीनं पाठवलंय. बोलली, भांडान हाय ते हाय, पन म्हातारीचं डोलं हायत.’ बसले.

सीट नवी. लाल रेक्झिन, कडेला पिवळा गोट. रिक्षावाले गोट लावून घेतात ते मला आजवर ठाऊकच नव्हतं. कोपरखैरण्याच्या खड्ड्यांत धरायला काहीतरी हवं म्हणून मी कड धरली, आणि बोटं आपोआप चालायला लागली. सवय. गोट एकसारखा. टीप दोरीला चिकटून, कुठे सुटलेली नाही. कोपऱ्यावर पट्टीला तीन चिरा देऊन वळवलेला — दोन नाही, चार नाही.

मग मी सांधा शोधला. कोणाचंही काम ओळखायचं तर सांधा बघायचा. बाजारातले कारागीर दोरीची टोकं एकावर एक चढवतात नि गाठीसारखा उंचवटा ठेवतात. तोही मागे, बरोबर मध्यावर. मी मध्यावर हात फिरवला — सपाट. डावीकडे सरकले. कोपऱ्यापासून एक वीत अंतरावर... तिथे होता. डोळ्यांनी कधीच दिसला नसता. दोरीचा पीळ सोडून, दोन्ही टोकांचे निम्मे निम्मे धागे कापून, पुन्हा एकत्र पीळ घातलेला. वर तीन उलट्या टिपा.

हा सांधा मी स्वतःच्या डोक्याने काढला. मला कोणी शिकवला नाही.

मी विचारलं, ‘रूपेश, ही कोणी शिवली रे?’

‘महाप्याच्या नाक्यावर पत्र्याची शेड हाय, आजी. तिथं नवा कारागीर आलाय, गनपतीच्या आधीपासून. काय हात हाय त्याचा! गाठ कुठं हाय ती शोधून दाखवा.’

‘नाव काय त्याचं?’

‘नाव ठाव नाय. सगली त्याला साहेब बोलतात. कंपनीत मोठ्या कामाला होता म्हनं, कंपनी बंद झाली. गुमान काम करतो, कोनाशी बोलत नाय. सोमवारी बोटात सुई घुसली त्याच्या. बोलला, पाय बरोबर नाय.’

वाशी कधी आली मला कळलं नाही. डॉक्टरने अक्षरांचा तक्ता समोर धरला. मी म्हटलं, मला ती आधीपासूनच दिसत नाहीत.

आता वही, तुला एक जुनी गोष्ट सांगते. तुला ठाऊक नाही, लिहिणाऱ्याला आहे. परळच्या खोलीत हे गेल्याला वर्ष झालं होतं. मला विषमज्वर. फर्निचरवाल्याचे वीस अभ्रे अर्धवट. माझा दहा वर्षांचा मुलगा मशीनसमोर उभा राहिला, बसून त्याचे पाय पोचत नव्हते. मी अंथरुणातून तोंडाने सांगत होते आणि तो शिवत होता. कोपऱ्याला तीन चिरा दे. सांधा डावीकडे घे, एक वीत. त्याची वीत केवढीशी! मी म्हटलं, माझ्या हाताने मोज. तर त्याने येऊन माझा हात कापडावर ठेवला.

वीसच्या वीस अभ्रे झाले. फर्निचरवाल्याला फरक कळला नाही.

मी बरी झाले. एक दिवस भाजी घेऊन आले, तर पोरगं शाळा बुडवून मशीनवर. गाणं म्हणत होतं! मी लाकडी पट्टी घेतली आणि बोटांवर मारलं. उजव्या हाताच्या. म्हटलं, माझा मुलगा टेबलावर बसून काम करेल, मशीनवर नाही. पुन्हा हात लावलास तर मी तोंड बघणार नाही.

त्यानंतर त्याने मशीनला हात लावला नाही. केमिस्ट झाला. मी सगळ्या सोसायटीला सांगत सुटले. माझा सुधीर, माझा सुधीर कंपनीत.

एवढ्या वर्षांत तो सांधा मी दुसऱ्या कोणालाही शिकवला नाही.

हात थांबला तुझा. थांबू दे. आज इथेच राहू दे.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी शेवंताबाईंकडे गेले. दारातच म्हटलं, चुकले. त्या म्हणाल्या, ‘पाय गावला का?’ म्हटलं, गावला. घरातच होता. त्यांनी खुर्ची पुढे केली. कुठे, काय, काही विचारलं नाही. बाई माझ्याहून मोठी आहे.

परत आल्यावर दिवसभर एकच डोक्यात. सहा तारीख, मग पुन्हा तेरा. मी देवासमोर हात जोडून कोणाचे हात मागितले? आणि सोमवारी सुई कुठे घुसली?

संध्याकाळी तो पेन घेऊन बसला. मी म्हटलं, तेरा तारखेचं ते वाक्य खोड. काळं कर. पान फाडलंस तरी चालेल.

तो म्हणाला, ‘आई, खोडायला तिथे काही नाही. शेवटचा शब्द मी लिहिलाच नव्हता. तू वाच म्हणालीस तेव्हा नुसतं तोंडाने म्हटलं.’

मी वही चाचपली. कागद काय कळणार बोटांना! सुचित्राला हाक मारली. तिने वाचलं — ‘ज्याने माझा पाय नेला त्याचे हात’. आणि थांबली. पुढे कोरं आहे म्हणाली.

तिचा आवाज बरा नव्हता. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. ऑगस्टपासून. पोरीने एकटीने पोटात ठेवलं, आणि वर माझा संशयही गिळला.

मी त्याचं बोट हातात घेतलं. त्याने पट्टी काढू दिली. भरत आलंय.

त्याने विचारलं, हेही लिहू? म्हटलं, लिही.

२२ नोव्हेंबर, रविवार

आठही अभ्रे झाले. आठव्याचा सांधा आज दुपारी सुधीरने घातला. मशीनवर बसून.

सुचित्रे, पुढचं तुझ्यासाठी. तो लिहितोय, तू वाच. उद्यापासून त्याच्या डब्यात चपाती नि फ्लॉवरची भाजी नको. तो टेबलावरचा डबा झाला. शेडमध्ये बाकावर बसून चार माणसांत खायचंय. ज्वारीच्या भाकऱ्या दे, सहा, बाकीच्यांनाही पुरल्या पाहिजेत. घट्ट झुणका, लसणीची चटणी, कांदा अख्खा — तो तिथे फोडून घेईल. लिंबाची एक फोड वेगळी बांध, रेक्झिन चिकटवायचं ते रबरी वासाचं सोल्युशन नुसत्या पाण्याने हाताचं जात नाही. आणि माझी हिंगाची डबी त्याच पिशवीत ठेव, पायासकट. आता ती तिकडेच राहील.

झुणक्याला हिंग नव्या पुडीतला घाल.